देवी काढणाऱ्या बाईचे धवले

खाडीकडून क्षमा दिघे तोंड घट्ट मिटून, एका हातात लशीची पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन पळत निघाली की मुलुंडच्या फाटकाजवळचे लोक तिला वाट करून देत. नवख्याला वाटे, मिठागराच्या पाड्यात काहीतरी भलतंच घडलंय आणि बाई डॉक्टरला आणायला धावतेय. जुन्यांना ठाऊक होतं, तसलं काही नाही. बाईच्या तोंडात चाल आहे. ती सांडायच्या आत घरी न्यायची आहे.

फाटक बंद असलं की तिची पंचाईत होई. मालगाडी रेंगाळत जायची आणि नेमकी फाटकाशी आली की शिट्टी फुंकायची. त्या शिट्टीचा सूर असा भलता की कानात शिरला तर आधीचं सगळं पुसून टाकी. क्षमा दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे मिटून, नाकातल्या नाकात गुणगुणत उभी राही. कुणी ओळखीचं विचारी, "काय हो क्षमाताई, बरं नाही का?" ती नुसती मान हलवी. तोंड उघडलं तर गेलंच सगळं. मग फाटक वर जाई आणि बाई पुन्हा पळत सुटे, ती पाच रस्त्याजवळच्या आपल्या घराच्या पायऱ्या चढूनच थांबे.

घरात भाऊ तयार असे. भाऊ म्हणजे तिचा थोरला भाऊ श्यामसुंदर. सकाळच्या शाळेत तो गायन शिकवायचा आणि दुपारी हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसायचा. क्षमा उंबऱ्यातूनच सूर लावी. भाऊची बोटं पट्ट्यांवरून तो सूर हुडकत जात, सापडला की तो चाल कागदावर उतरवायला लागे.

"थांब, थांब. इथे मध्यम शुद्ध की तीव्र?"

"मला काय माहीत! हा असा..." आणि ती परत गाई.

"तू दोन्हींच्या मधलाच लावतेयस."

"तो तसाच आहे."

"असा सूर नसतो, क्षमे. चुकलीयस तू."

"मी नाही चुकले. तुझ्या पेटीत एक पट्टी कमी आहे!"

रत्नप्रभावहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येई. "आधी पाणी पी. मग भांडा दोघं. आणि गं, त्या चपला पायात घालायच्या असतात, हे कुणी सांगितलं नाही वाटतं तुला?"

क्षमा मूळची रोह्याची. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. भाऊनं तिला मुलुंडला आणलं, मॅट्रिक केलं. लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. शेवटच्या स्थळानं मुलीनं नोकरी सोडावी अशी अट घातली, तेव्हा तिनं ते स्थळच सोडलं. नोकरी होती गावोगावी फिरून देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची. पिशवीत लशीच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि टोचणी घेऊन ती मुलुंड, नाहूर, भांडुपचे खाडीकडचे पाडे तुडवायची. चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप, आणि हसली की ठाण्यापर्यंत ऐकू जावं असं हसणं.

आगरी पाड्यांत तिचं स्वागत कसं व्हायचं? ती बांधावर दिसली की "टोचनारी आयली!" अशी आरोळी उठे. पोरं मिठाच्या राशींमागे, होड्यांखाली, ताडांच्या आड गडप होत. आया दारात उभ्या राहून शपथेवर सांगत की घरात पोरच नाही, आणि आतून ते पोर भोकाड पसरून आईला खोटं पाडत असे.

अशात एका माघात ती पाड्यावर गेली, तर सगळी वस्ती एका मांडवात गोळा झालेली. हळद होती. क्षमाला वाटलं, आज आपलं नशीब उघडलं! एवढी मुलं आयती एका जागी बसलेली! तिनं पिशवीचा बंद सोडला, दिवा काढला. तेवढ्यात मांडवाच्या मधोमध पाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं तोंड उघडलं.

आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, वल्ह्यानं पाणी ओढावं तसा. पण तो जमिनीतून आल्यासारखा आला आणि मांडवभर पसरला.

मांडवाच्या दारी गो कोन उबा रायला,
खारीचा वारा गो वऱ्हारी आयला.

बायकांनी ओळ उचलली. म्हातारीनं पुढची सोडली. कोण कोण लग्नाला आलं ते ती सांगत गेली. खाडी आली, ताड आला, मिठागरावरचा बगळा आला, गावदेवी आली, आणि प्रत्येकाला बसायला काय दिलं, हळद कुणी लावली, सगळं ओळीमागून ओळ. क्षमा हातातला दिवा तसाच धरून मांडवाच्या कडेला खाली बसली ती उठलीच नाही. त्या दिवशी एकाही पोराच्या देवी काढून झाल्या नाहीत.

हळद संपल्यावर ती म्हातारीजवळ गेली. ही धाकूबाई, त्या पट्ट्यातली धवलारीण. लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी बाई ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. भटजी असो नसो, धवलारीण नसली तर पाड्यात लग्न लागत नसे.

"मावशी, ते वाऱ्याचं पुन्हा एकदा म्हणा ना!" क्षमा म्हणाली. "मला लिहून घ्यायचंय. सगळंच लिहून घ्यायचंय!"

धाकूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लगीन हाय का तुजा?"

"नाही."

"मंग कनाला गाऊ? धवला लग्नाचा असतो, बाय. लगीन नसताना गायला तं कोनाचा तरी लगीन मोरतं. माज्या आत्यानं मना शिकवला तवाच सांगितला व्हता."

क्षमानं हात जोडले, लाडीगोडी लावली, थोडी भांडलीसुद्धा. धाकूबाई ढिम्म हलली नाही. शेवटी म्हातारीलाच हसू आलं. "आयक. तू ही पिशवी घेऊन मांडवान आलीस तं पोरा पलतात. पोरांमागं आया पलतात. मंग मी गाऊ कोनापुरं? पिशवी भायेर ठेव, तं खुशाल येऊन बस. ज्या लग्नाला मी, त्या लग्नाला तू."

"आणि मुलांच्या देवी?"

"दुसरे दिशी मी धरून देतंय एकेकाला."

तसंच झालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मांडव उतरायच्या आत, धाकूबाई पाटावर बसे आणि एकेका पोराला मांडीत घट्ट दाबून धरी. तिच्या तावडीतून सुटायची कुणाची छाती नव्हती. देवी काढण्याच्या कामात त्या पट्ट्यानं बाकी सगळ्यांना मागं टाकलं, आणि क्षमाच्या वरिष्ठांना हे कसं घडलं ते कधीच कळलं नाही.

पण धवले गोळा करणं हे पोरं धरण्यापेक्षा अवघड निघालं. धाकूबाई एकदा सुरू झाली की थांबत नसे, आणि तिला थांबवायचंही नसे. पेन्सिल धावून धावून मागे पडायची. ओळ लिहावी तर चाल निसटायची, चाल धरावी तर ओळ निसटायची. म्हणून क्षमानं एक युक्ती काढली. एका लग्नात ओळी धरायच्या, दुसऱ्या लग्नात चाल तोंडात धरून घरी पळायचं. तिसऱ्या लग्नात दोन्ही जुळवून पाहायचं आणि काय काय सुटलंय ते बघून कपाळाला हात लावायचा.

आणखी एक गंमत होती. सगळे धवले सगळ्या लग्नांत येत नसत. मुलगी घरात थोरली असेल तर एक कडवं वेगळं. मामा होडीनं आला असेल तर त्याच्या स्वागताचं वेगळं. आणि नवरदेव घरजावई होणार असेल तर म्हणायचा एक आख्खा धवला होता. तो धाकूबाईनं फार पूर्वी एकदा गायला होता म्हणे. झालं! क्षमा घरजावयाच्या मागावर लागली. पाड्यापाड्यांत चौकशी. "तुमच्या मुलीला दिलेला मुलगा इकडे राहायला येतोय का हो?" लोक आधी रागावले, मग हसू लागले. कांजूरच्या एका घरी असा नवरदेव खरंच मिळाला, तेव्हा मुलीच्या आईपेक्षा क्षमालाच जास्त आनंद झाला. धाकूबाईनं तो धवला सुरू केला, त्यात सासरेबुवा जावयाला कोयता आणि बांध दाखवतात आणि जावई म्हणतो, आधी जेवण दाखवा. मांडवात हशा पिकला. क्षमा बसल्या जागी अशी उडाली की शेजारणीच्या मांडीवरचं मूल दचकून रडायला लागलं.

त्या संध्याकाळी भाऊनं ती चाल वाजवली आणि स्वतःच पेटीचा भाता सोडून टाळी दिली. "हे झकास आहे, क्षमे! कुणी बांधलं असेल गं हे?"

"कुणीच नाही, आणि सगळ्यांनी," ती म्हणाली. "मला पुढचं हवंय."

पुढचं म्हणजे एकच राहिलं होतं. नवरी घरातून मांडवात यायला निघाली की धाकूबाई तिला दारामागे घेई आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणे. बाहेर बायका मुद्दाम मोठ्यानं गात, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. ही रीत धाकूबाईच्या आत्यापासूनची होती. पाड्यात तिला कानातला धवला म्हणत.

क्षमानं लग्न झालेल्या मुलींना गाठायला सुरुवात केली. कुणी विहिरीवर भेटे, कुणी बांधावर. "तुला कानात काय म्हणाली गं?" एकीनं लाजत एक ओळ सांगितली, त्यात चिंबोरी होती. दुसरीच्या ओळीत शिवणाचं यंत्र. तिसरी म्हणाली, मला तर भावाबद्दल काहीतरी सांगितलं आणि मी रडत बसले. क्षमा त्या ओळी घेऊन घरी जुळवायला बसे. चिंबोरीपुढे शिवणयंत्र लावून पाही, भावाला आधी घेई, मग मागे नेई. काही केल्या एक गाणं होईना. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर एका दुपारी ती ताडकन उठली आणि भर उन्हात धाकूबाईच्या झोपडीकडे धावली.

"मावशी! ते एक गाणं नाहीच मुळी! तू प्रत्येकीला नवीन करतेस!"

धाकूबाई मासे सुकत घालत होती. तिनं वर न बघता मान डोलावली. "मंग काय? तिचा तिला. दुसरीचा तिला कनाला देऊ?" आणि मग मिस्कीलपणे, "इतकी शिकलेली तू, आनि हे कलायला तुना इतका येल लागला?"

क्षमा तिथेच वाळूत बसली आणि पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून ती धाकूबाईला अहो-जाहो करायची विसरली ती कायमचीच.

आणि मग आलं कुंदाचं लग्न.

कुंदा ही धोंडूची एकुलती एक मुलगी. धोंडू मिठागरावर राबायचा. कुंदाची आई नव्हती, त्यामुळे बापामागोमाग ती लहानपणापासून मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायची. तिला दिलं होतं खाडीपलीकडे ऐरोलीला. नवऱ्याकडची मंडळी होड्यांनी येणार होती. लग्न दुपारचं ठरवलं होतं, कारण भरती असेतोवर होड्या परत निघायला हव्यात. पाणी उतरलं की खाडीत नुसता चिखल उरतो आणि वऱ्हाड नवरीसकट दुसऱ्या भरतीपर्यंत अडकून पडतं.

वैशाख होता, लग्नांची नुसती झुंबड. धाकूबाई आधीच्या दिवसांत भांडुपचं लग्न लावून आली होती, लगेच कुंदाची हळद गायली. लग्नाच्या सकाळी क्षमा मांडवात पोचली तर बायका धाकूबाईभोवती गोळा होऊन कुजबुजत होत्या. धाकूबाई पाटावर बसली होती. तिनं क्षमाला पाहिलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा आली.

गळा गेला होता. पार गेला होता. काढा झाला, मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, कुणीतरी गळ्याला गरम राख बांधली. काही उपयोग नाही. भांडुपची दुसरी धवलारीण उरणला गेलेली. बायकांना धवल्यांची धृपदं येत होती, मधली मधली कडवी येत होती, पण काय आधी, काय नंतर, कुठल्या विधीला कोणतं, हे कुणालाच सलग येईना.

होड्या लागल्या. वाजंत्री वाजली. नवरदेव बांधावरून चालत आला. धोंडू एकदा वऱ्हाडाकडे बघे, एकदा पाण्याकडे. "भरती लागली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता काय करू?"

धाकूबाई उठली. तिनं गर्दीतून हात घातला, क्षमाचं मनगट पकडलं आणि तिला ओढत आणून पाटावर बसवलं. आपल्या पाटावर.

क्षमाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मावशी, मी? अगं मी कशी?"

धाकूबाईनं तिच्या कपाळावर बोट टेकवलं. तुझ्या इथे सगळं आहे, असं ते बोट म्हणत होतं.

नवरदेवाची आत्या पुढे झाली. जाड अंगाची, करारी बाई. "ही कोन? ही तं टोचनारी! आमच्या पोराचा धवला ही गानार? लगीन तरी झालाय का हिचा?"

क्षमा उठायला लागली. धाकूबाईनं तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं, मग धोंडूला जवळ ओढून त्याच्या कानात हवेनंच काहीतरी सांगितलं. धोंडूनं दोनदा विचारून घेतलं आणि मग मांडवाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "धाकूबाय सांगते, गला माजा, तोंड तिचा! मी हात धरून बसतंय. चुकली तं माजी चूक!"

आत्यानं खाडीकडे पाहिलं. पाणी होड्यांच्या पोटाला लागलं होतं. "मंग गा लवकर," ती म्हणाली. "पानी कोनासाठी थांबनार नाय."

धाकूबाई क्षमाच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. तो हात खरबरीत होता, गरम होता. एक बोट दाबलं गेलं. क्षमानं डोळे मिटले आणि सूर लावला.

मांडवाच्या दारी गो कोन उबा रायला...

पहिली ओळ एकटीच मांडवात उभी राहिली. मग मागून एक बाई आली, मग तिसरी, मग सगळ्या.

खारीचा वारा गो वऱ्हारी आयला!

झालं, भीती गेली ती गेलीच. ओळी आपोआप येऊ लागल्या. कितीतरी मांडवांत ऐकलेल्या, कितीदा फाटकापाशी कानांत बोटं घालून वाचवलेल्या. धाकूबाई बोट दाबी, म्हणजे पुढचं कडवं. तळवा फिरवी, म्हणजे सावकाश. एका जागी क्षमा स्वागताच्या धवल्यातून थेट अक्षतांच्या धवल्यात घुसणार होती, तोच तिच्या हाताला असा चिमटा बसला की सुरातच "आई गं" निघालं. बायकांनी तीही ओळ समजून उचलली! मांडवभर "आई गं" घुमलं. आत्यासुद्धा पदराआड हसली. क्षमा सावरली आणि बरोबर कडव्यावर आली. तो भाऊच्या पेटीत न सापडणारा मधला सूर तिच्या गळ्यातून असा सहज निघाला की धाकूबाईनं डोळे मिटून मान हलवली.

मग नवरीला बाहेर आणायची वेळ आली.

धाकूबाईनं क्षमाचा हात सोडला आणि दाराकडे बोट केलं. कानातला धवला! तो तर कुठे लिहिलेला नव्हता, पाठ नव्हता. तो प्रत्येकीला नवा करायचा. बाहेर बायकांनी मोठ्यानं गायला सुरुवात केली. क्षमा दारामागे गेली. कुंदा हिरव्या चुड्यात उभी होती. इतकी वर्षं मिठाच्या पाट्या पेलणारी ती पोर आता स्वतःचे हात पेलवत नसल्यासारखी दिसत होती.

"धाकूआजी नाय?" तिनं विचारलं.

"आज मी आहे," क्षमा म्हणाली. तिनं कुंदाच्या खांद्यावरून झरोक्यातून बाहेर पाहिलं. उन्हात पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी, मध्ये खाडीचं चकाकतं पाणी, आणि पलीकडे ऐरोलीचे ताड. तिनं कुंदाच्या कानाशी तोंड नेलं.

ऐरोलीच्या बांदावर सकाली उबी राय, कुंदे,
पान्यापलीकरं बापाची रास तुना दिसंल.
पांढरी दिसली तं समज, बाप कामाला गेला,
नाय दिसली तं होरीवाल्याला हाक मार,
खारी तुज्या वलखीची, ती वाट देईल.

कुंदानं क्षमाच्या दंडाला घट्ट धरलं, एकदा मान हलवली आणि ताठ मानेनं मांडवात गेली.

अक्षता पडल्या तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. मग नुसती पळापळ. नवरी, नवरदेव, पाट, भांडी, कोंबड्या, आत्या, वाजंत्री, सगळे बांधावरून होड्यांकडे धावले. शेवटची होडी चिखलात रुतायच्या बेतात होती. धोंडू, गावची माणसं आणि त्यांच्याबरोबर पातळाचा काचा मारलेली क्षमा, सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून होडीला ढकललं. होडी सुटली, हेलकावली, आणि खाडीत गेली. किनाऱ्यावरून अशी आरोळी उठली की मिठागरातले बगळे उडाले.

त्या दिवशी क्षमा घरी पळत गेली नाही. भिजल्या पातळानं, चिखलाच्या पायांनी, अगदी सावकाश चालत गेली. वहिनीनं दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. भाऊनं पेटी पुढे ओढली. "काय आणलंस?"

"काही नाही," ती म्हणाली. "आज मी देऊन आले." आणि मग तिनं जे काही हसायला आणि रडायला आणि सांगायला सुरुवात केली, त्यात भाऊला कुठलीच चाल उतरवता आली नाही.

काही दिवसांनी धाकूबाई मुलुंडच्या घरी आली. रस्ता विचारत विचारत, फाटक ओलांडून, आयुष्यात पहिल्यांदाच. गळा परत आला होता. ती ओटीवर बसली, चहा प्यायली, आणि त्या लग्नातल्या क्षमाच्या चुका तिनं एकेक करून सांगितल्या. कुठे घाई केलीस, कुठे श्वास चुकीच्या जागी घेतलास, मामाचं कडवं तर गाळलंसच. क्षमा खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "आता आरंबापास्न शिक. मी गातंय, तू मागून गा."

क्षमानं चमकून वर पाहिलं. "पण मावशी, लग्न नाही कुणाचं! तू तर म्हणायचीस..."

"लगीन नसताना गावा नाय, हे बायांना. धवलारनीनं धवलारनीला शिकवताना काय? मंग मी शिकली कशी? आत्यानं काय माज्यासाठी रोज लगीन लावला?" आणि ती खो-खो हसली.

क्षमाला उडी मारावीशी वाटली. मारलीच तिनं.

तो पावसाळा त्या घरात नुसता धवल्यांचा गेला. मिठागरं बंद, लग्नं बंद. धाकूबाई दुपारी येई आणि ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत गाई. थांब म्हटलं की थांबे, पुन्हा म्हण म्हटलं की पुन्हा म्हणे. भाऊ पेटीवर साथ करू लागला की वैतागे. "ही पेटी बंद कर रं, बाबा! माज्या गल्यात जितका वारा हाय तितका पुरे." भाऊ मग पेटीवरून हात काढून घेई आणि फक्त कागदावर लिहीत राही. त्या मधल्या सुरासाठी त्यानं शेवटी एक वेगळीच खूण तयार केली. छोटंसं होडीसारखं चिन्ह. सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत, चालींसकट, कागदावर उतरले. कानातल्या धवल्याच्या जागी क्षमानं एवढंच लिहिलं की इथे धवलारीण नवरीशी बोलते. कुंदाला जे सांगितलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. भाऊनं खोदून खोदून विचारलं, पण ती हलली नाही.

पुढच्या हंगामात ती धाकूबाईची जोडीदारीण म्हणून मांडवात बसू लागली. नोकरी सुटली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या देवी काढणंही सुटलं नाही, फक्त आता पोरं तिला पाहून पळेनात, कारण जिनं काल आपल्या आत्याच्या लग्नात गाणं म्हटलं तिच्यापासून पळायचं कसं, हे त्यांना कळेना.

एका फाल्गुनात ऐरोलीहून निरोप आला. कुंदाच्या नणंदेचं लग्न, धाकूबाई आणि टोचणारी दोघी हव्यात, आणि हे त्या करारी आत्यानंच सांगून पाठवलं होतं. न्यायला होडी आली. क्षमा आजवर कधी होडीत बसली नव्हती. बसताना तिनं धाकूबाईचा हात धरला, मग काठ धरला, मग पुन्हा धाकूबाईचा हात धरला. होडी खोल पाण्यात आली. वारा लागला. वल्ही मारणाऱ्या दोघांपैकी म्हातारा नाखवा वल्ह्याच्या ठेक्यावर काहीतरी पुटपुटायला लागला, तरण्यानं मागून सूर ओढला, आणि पाहता पाहता ते गाणं झालं. धवला नव्हता तो. क्षमानं आजवर न ऐकलेलं काहीतरी होतं, वल्हं पाण्यात जाताना खाली उतरणारं आणि वर येताना वर चढणारं.

ती भीती विसरून अर्धी उठली. होडी डुचमळली.

"खाली बस गो!" धाकूबाई ओरडली.

"नाखवा! नाखवा, हे काय म्हणालात? पुन्हा म्हणा! मला लिहून घ्यायचंय!"

नाखव्यानं वल्हं न थांबवता मागे वळून पाहिलं. "पुना कसा म्हनू, बाय? हे वल्ह्यासंगं येतं."

"मग वल्हवा ना!" क्षमा म्हणाली. "आणखी वल्हवा! घाई नाहीये मला."

"घाई नाय?" धाकूबाई म्हणाली. "आनि लगीन?"

पण नाखव्यानं ऐकलं होतं. तो हसला, त्यानं वल्हं खोल घातलं, आणि पहिल्यापासून सुरू केलं.